आमच्या घरात युनियन नाही

८ जानेवारी, रविवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारखाना विकून तीन महिने झाले. माणसाने रिकामं बसू नये, गंजतो.

नोंद असावी म्हणून लिहितो: खळ लावून पुठ्ठ्याची खोकी चिकटवणारा मी, एकतीस वर्षं खोक्यांच्या कारखान्याचा मालक होतो. ज्याला खोकं कळलं त्याला जग कळलं. सहा बाजू, बाकी सगळी खळ.

घराच्या वर दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा ओटा बांधून झाला. मुलगी, जावई आणि नात वर राहायला यावेत हा प्लॅन. नात साडेचार वर्षांची, सगळे तिला ठकी म्हणतात आणि ती सगळ्यांना ठकवते. त्यांच्या भाड्याच्या घराचा करार मेअखेर संपतो, जूनमध्ये ठकीची शाळा. वेळ अगदी जुळून आलेली.

मुलीची अट एकच. पाणी. मागच्या वर्षी तिथल्या पाण्याने ठकीला दोनदा सलाईन लावावं लागलं. मुलगी म्हणाली, बाबा, रंग कुठला द्यायचा तो द्या, फरशी कुठली बसवायची ती बसवा, पाणी मात्र नितळ हवं. म्हटलं, एवढंच ना!

संकल्प: नळाचं काम स्वतः करणार. नळ म्हणजे शेवटी काय, लांबट खोकं.

१० जानेवारी
खालच्या मजल्याला जुने लोखंडी पाइप आहेत. गच्चीवरच्या टाकीतून एक मोठा लोखंडी पाइप मागच्या भिंतीवरून खाली येतो. त्याला मध्येच, जिन्याच्या वळणाशी, फाटा काढून वरच्या ओट्याला पाणी न्यायचं. फाटा तांब्याचा. ठकीसाठी उत्तमच हवं.

एका प्लंबरला बोलावलं, फक्त मत घ्यायला. कानावर पेन्सिल. बोलतो इतकं कमी की एकेक शब्द पान्याने सोडवून काढावा लागतो. लोखंड बघितलं, तांबं बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, साहेब, मध्ये युनियन टाकावी लागेल.

माझ्या कानांची ख्याती आहे. कारखान्यात सगळी मशिनं धडधडत असताना पलीकडच्या टोकाला माझ्याबद्दल कोण काय बोललं ते मला ऐकू यायचं. बरोबर ऐकलं. युनियन.

मी उठून उभाच राहिलो. त्याला स्वच्छ सांगितलं की एकतीस वर्षं मी कारखान्यात युनियन शिरू दिली नाही. पहिल्यांदा कुजबुज झाली तेव्हा पंखे बसवले. दुसऱ्यांदा झाली तेव्हा कॅन्टीन काढलं. तिसऱ्यांदा झाली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत स्वतः पत्ते कुटायला बसलो आणि मुद्दाम हरलो. आणि आता तू एकटा माणूस माझ्या घरात युनियन काढणार?

त्याने पिशवीतून एक पितळी नट काढला, आत प्लास्टिकची चकती. म्हणाला, साहेब, युनियन म्हणजे ही. दोन पाइप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बसवतात.

मला माहीत होतंच. गंमत केली. तो हसला नाही. स्वयंपाकघरात ही मात्र हसली. ऐकू आलं.

मग त्याने कारण सांगितलं. तांबं आणि लोखंड नुसतं एकाला एक जोडलं आणि आतून पाणी वाहिलं की त्याची बॅटरीच होते म्हणे. आतल्या आत वीज खेळते आणि दोघांपैकी एक झिजत जातो. विचारलं, कोण? म्हणाला, लोखंड. तांब्याला काही होत नाही, ते आपलं चमकत बसतं. आतून ही म्हणाली, अहो, ऐकलंत ना. कशाबद्दल ते कळलं नाही. माझी काळजी असावी. आमच्या दोघांत लोखंड मीच.

निर्णय: युनियन नाही. एकदा नाही म्हटलं की नाही. आणि धातूच्या कामात प्लास्टिक ही कल्पनाच हलकी. प्लंबरला चहा पाजून निरोप दिला. चहा चांगला झाला होता असं म्हणाला. एवढं एकच मत पटलं.

१५ जानेवारी, रविवार. दुपारी ४
काम फत्ते. दुकानदाराने तांब्याच्या टोकाला आटे असलेला जोड बसवून दिला, पुढचं सगळं मी. आट्यांवर पांढऱ्या टेपचे अकरा वेढे. या कामात आटे पाइपला असतात आणि आटापिटा माणसाचा. पण थेंबसुद्धा गळत नाही. ती टेप म्हणजेच दोघांमधलं अंतर; प्लास्टिक हवं होतं ना, घ्या. (आवळताना आट्यांनी टेप थोडी कापली गेली. थोडीच.)

भिंतीवर जोडाशेजारी मार्करने तारीख घातली. चित्रकार घालतात तशी.

हिने विचारलं, युनियनशिवाय? म्हटलं, युनियनशिवाय. ती म्हणाली, कामगारांना निदान पंखे तरी मिळाले होते.

२२ जानेवारी
वरचं पाणी आरशासारखं. विचार करतोय, सर्वसामान्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहावं: प्लंबरशिवाय. पहिलं प्रकरण डोक्यात तयार.

शेजाऱ्यांचा नळ सहज बघून दिला.

२३ जानेवारी
शेजारी आपल्याकडे आंघोळीला आले होते. तात्पुरतं.

१२ फेब्रुवारी. सकाळी ६.३०
वरच्या नळाला सकाळचं पहिलं पाणी जरा पिवळसर. पाच मिनिटांनी स्वच्छ. रात्रभर पाइपात झोपलेलं पाणी. आपलेही डोळे उठल्यावर लाल असतात.

१९ फेब्रुवारी
पिवळसर नाही, चहासारखं. साधा नाही, कडक.

चूक कुणाची हे उघड आहे. पाणी खात्याला तीन पानी पत्र लिहिलं. भाषा सभ्य, पण झोंबेल अशी.

२७ फेब्रुवारी
पाणी खात्याचा माणूस स्वतः आला! पत्राचा परिणाम. त्याने खालच्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं. नितळ. वरच्या नळाचं घेतलं. लाल. दोन्ही बाटल्या माझ्यासमोर धरून विचारलं, या दोघांच्या मध्ये काय आहे? म्हटलं, जिना.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक 'जिना'.

२ मार्च
विचार केला आणि वेगळाच उलगडा झाला. हा रंग लोहाचा. लोह रक्ताला चांगलं. हिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या खायला ती कुरकुर करते. इथे घरच्या घरी, नळाला. हिला ग्लास भरून दिला. तिने तो बघितला आणि म्हणाली, आधी तुम्ही. मला लोहाची कमतरता नाही.

५ मार्च, रविवार
मुलगी, जावई, ठकी जेवायला आणि घर बघायला. मी सकाळी आठपासूनच वरचा नळ सोडून ठेवला, तांबडं निघून जाईपर्यंत. पाणी कुंड्यांना. वाया घालवलं नाही.

साडेअकराला मुलीने ग्लास भरून खिडकीच्या उजेडात धरला. नितळ. मी काही बोललो नाही, नुसता जिंकलो.

जेवणं. गप्पा. झोप. चार वाजता जावई कपाटाची मापं घ्यायला वर गेला. खाली आला तो रुमालाने हात पुसत. रुमालावर तांबूस डाग. जावई स्वभावाने गरीब. त्याने एवढंच विचारलं की वर अजून रंगकाम चालू आहे का. म्हटलं, हो, थोडं राहिलंय.

मुलगी गॅलरीत उभी होती. तिचे कानही माझ्यासारखे, आणि डोळे आईचे. म्हणाली, बाबा, सकाळपासून कुंड्यांना इतकं पाणी कुणी घातलं? अंगणभर ओघळ गेलेत.

मग तिने शांतपणे सांगितलं. सात मेला, रविवारी, परत येते. आल्याआल्या नळ सोडणार आणि पहिला ग्लास बघणार, आधी वाहू द्यायचं नाही. नितळ आलं तर जूनपासून इथे. नाही आलं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला एक फ्लॅट बघितलाय, त्याचा मालक तोवर थांबायला तयार आहे. ठकी म्हणाली, त्या फ्लॅटला लिफ्ट आहे, आजोबा. म्हटलं, आपल्याला जिना आहे.

दोन महिने. दोन महिन्यांत मी एकदा कारखाना हलवला होता.

१२ मार्च
जोड तपासला. तांबं ठणठणीत. शेजारच्या लोखंडाला तपकिरी फोड आले आहेत, चामखिळीसारखे. खरवडले आणि वरून चंदेरी रंग दिला. आता पाइप माझ्याहून तरुण दिसतो.

२५ मार्च
फाटकाशी प्लंबर उभा राहून हिच्याशी बोलत होता. मी मुद्दाम ऐकलं नाही, कानांनी आपणहून ऐकलं. म्हणाला, वहिनी, पावडर लावून ताप उतरत नाही.

संकल्प: उगाच काही ऐकायचं नाही.

२ एप्रिल, रविवार
धाडस केलं. लोखंडाचा खराब झालेला तुकडा काढून नवाकोरा घातला. काढलेला तुकडा आतून बघितला. अंगठा जाईल एवढी वाट होती, आता करंगळी अडते. आत सगळा गंजाचा खरवस. अडीच महिन्यांत! हल्ली लोखंडसुद्धा पूर्वीसारखं येत नाही.

पाणी लख्ख. पुस्तकाचं दुसरं प्रकरण: जुनं काढा, नवं घाला.

तो तुकडा टेबलावर शोभेला ठेवला. हिने बाहेर ठेवला. परत आत आणला. परत बाहेर गेला. राहू दे.

१३ एप्रिल
लख्ख पाणी अकरा दिवस टिकलं. अकरा हा आकडाच वाईट. टेपचे वेढेही अकराच होते.

१६ एप्रिल
मूळ सापडलं! इतके दिवस मी पाइपाचा विचार करत होतो, माणसासारखा विचार केलाच नाही. कारखान्यात दोन कामगारांचं पटेनासं झालं तर मी एकालाही काढत नसे. बसण्याच्या जागा बदलायचो. भांडणारे एका टेबलावर ठेवायचे नाहीत, सगळ्या हॉलभर विखरून बसवायचे. आठ दिवसांत गोडीगुलाबी.

इथे चूक काय झाली? सगळं तांबं एकीकडे, सगळं लोखंड दुसरीकडे. दोन तट पडले. उपाय: तांबं घरभर विखरायचं. खालच्या लोखंडी पाइपात तीन ठिकाणी तांब्याचे तुकडे घालणार. स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंगण. सवय होईल एकमेकांची.

हिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आता खालीही? म्हटलं, खालीही. तिने घागर, कळशी, दोन पातेली, थर्मास, सगळं भरून ठेवलं. थर्मास का ते कळलं नाही.

२१ एप्रिल
तिन्ही तुकडे बसले. हात सोलवटले, पण समाधान आहे.

२८ एप्रिल
आता खालीही चहा.

घरात समानता आली असं म्हणता येईल.

२९ एप्रिल. सकाळी १०
जिन्याच्या वळणाकडून टप, टप असा आवाज. घड्याळ असावं.

सकाळी १०.१५
घड्याळ गेल्या वर्षीपासून बंद आहे असं ही म्हणाली. खाली बादली ठेवली. लोखंडाला तांब्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढं भोक. बाहेरून चंदेरी, आतून चाळण.

३० एप्रिल
ही शेजाऱ्यांकडून पाणी आणते. त्यांचा नळ शेवटी प्लंबरनेच दुरुस्त केला म्हणे. शेजारीण हिला म्हणाली, न्या हो, तुमच्या ह्यांच्यामुळे आम्ही महिनाभर तुमच्याकडून नेलंच होतं.

परत आल्यावर ही कळशी ठेवून म्हणाली, तुम्ही कारखान्यात युनियन होऊ दिली नाहीत ते जाऊ दे. घरात मी एकटीने काढायला हवी होती. पहिल्या वर्षीच.

५ मे
प्लंबरला फोन केला. सल्ल्यासाठी. म्हणाला, साहेब, मंगळवारपर्यंत दुसरीकडे अडकलोय, त्याआधी नाही जमणार. म्हटलं, रविवारी नात येतेय. तो म्हणाला, साहेब, मी जानेवारीत आलो होतो.

मंगळवार म्हणजे मंगळवार. रविवारचं मी बघतो. प्रश्न फक्त एका ग्लासाचा आहे. एक ग्लास नितळ पाणी काढता येणार नाही असा मी नाही. मुलीचा होकार एकदा मिळाला की मग मंगळवारी सगळं नीट करता येईल. ही फसवणूक नव्हे, क्रम बदलणं.

६ मे
वीस लिटर शुद्ध पाण्याचा जार आणला. वरच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवला, पुढे जुन्या खोक्यांची भिंत. (शेवटी खोकीच कामी आली!) वरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि जारातून बारीक नळी थेट नळाला जोडली. तीनदा चाचणी घेतली. पाणी काय सुंदर येतं!

हिला सांगितलं नाही. तिला अभिनय जमत नाही.

७ मे, रविवार. सकाळी ११
आली. चप्पल काढून सरळ वर. पहिला ग्लास, आधी वाहू न देता. उजेडात धरला. नितळ. वास घेतला. प्यायली. मुलीच्या चेहऱ्यावर असं हसू मी तिच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं. म्हणाली, बाबा, जमलं की हो तुम्हाला. हे वाक्य ऐकून युगं लोटली होती.

जावई पडदे कुठे लावायचे ते बघायला लागला. ठकीने आपली खोली ठरवली. ज्या भिंतीला मी तिचा पलंग ठरवला होता, तीच भिंत.

दुपारी १
आता लिहितो तर खरं.

ठकीने बाहुलीची भांडी आणली होती. ओट्याशी स्टूल घेतलं आणि नळ सोडून घासायला बसली. मी दोनदा बंद केला. तिने दोनदा सोडला. म्हटलं, पाणी जपून वापरावं. ती म्हणाली, आजोबा, भांडी तेलकट आहेत.

वीस लिटर म्हणजे किती कमी असतात ते वीस लिटरलाच माहीत. नळाने एक उसासा टाकला आणि थांबला. जावई गरीब स्वभावाचा, मदतीला धावला. म्हणाला, बाबा, व्हॉल्व्ह चुकून बंद राहिलाय वाटतं, आणि उघडला. पाणी आलं ते पाइपातून थेट माझ्या नळीत, नळीतून उलटं माळ्यावर. जार भरला, सांडला, खोकी भिजली आणि भिंत कोसळली. वरून एक तांबडी धार सगळ्यांच्या मध्ये पडू लागली. ठकीने टाळ्या वाजवल्या.

मुलीने टाळ्याही वाजवल्या नाहीत आणि आरडाओरडाही केला नाही. पर्समधल्या बाटलीतल्या पाण्याने ठकीचे हात धुतले. मग म्हणाली, बाबा, पाणी लाल आहे असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. दुरुस्त होईपर्यंत थांबलो असतो, महिना, दोन महिने. पण तुम्ही जार लावलात. उद्या मी ठकीच्या तोंडाला ग्लास लावताना कुणाच्या शब्दावर लावू?

सगळं नीट ऐकू आलं. माझे कान तिखट आहेत. आज जरा बोथट असते तरी चाललं असतं.

९ मे, मंगळवार
प्लंबर आला. तांब्याचे तिन्ही तुकडे काढून तिथे नवं लोखंड घातलं. जिन्याच्या वळणाशी खराब भाग कापला आणि लोखंड व तांबं यांच्या मध्ये एक युनियन बसवली. अडीच तास. एक अक्षर बोलला नाही. शेवटी मीच म्हटलं, बोल बाबा काय ते. म्हणाला, काही नाही साहेब. दोन्ही माल चांगलाच होता. मध्ये जरासं अंतर लागतं, बस.

ही म्हणाली, म्हणूनच मी दुपारी शेजारी जाऊन बसते.

मार्करने घातलेली तारीख त्याने पुसली नाही. मीच पुसली.

१४ मे, रविवार
पाणी नितळ. पाच दिवस झाले, पहिलं पाणी, न वाहू देता. मुलीला फोन केला. मनापासून बरं वाटलं असं म्हणाली. मग म्हणाली की फ्लॅटचा करार शुक्रवारी झाला. अकरा महिन्यांचा. ठकीची शाळाही तिकडेच घेतली.

अकरा महिने म्हणजे काहीच नाही.

२० मे
शाळा मात्र दहावीपर्यंत आहे म्हणे.

पुस्तकाचा विचार तूर्त बाजूला.

४ जून, रविवार
फ्लॅट बघायला गेलो. दोन बस. पिशवीत पाना घेतला होता, निघताना हिने काढून ठेवला. तिथली पाइपलाइन जरा बघून घ्यावी एवढाच हेतू होता. बघितली. सगळं ठीक आहे. ग्लास उजेडात धरायला गेलो तर मुलगी दारात उभी होती, म्हणून नुसताच प्यायलो.

ठकीने लिफ्टमधून चार वेळा खाली-वर नेलं. मग आम्ही दोघं तिच्या खोलीत बसलो. मी तिला सांगितलं की आता आजोबांकडे वरच्या नळाला इतकं छान पाणी येतं, इतकं छान, की विचारू नकोस.

तिने विचारलं. म्हणाली, मग ते कोण पितं?

म्हटलं, मी. रोज सकाळी वर जातो, नळ सोडतो, एक ग्लास पितो, नळ बंद करतो आणि खाली येतो.

ती जरा विचार करून म्हणाली, खाली नळ नाही का, आजोबा?

म्हटलं, आहे.